आत्याचं आडवं वर्ष

माझ्या आत्याचं सगळं आयुष्य उभ्याने काम करण्यात गेलं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती शोकेस सजवायची. रस्त्याच्या बाजूला मोठमोठ्या काचा, काचांच्या आत पुतळे, आणि त्या पुतळ्यांना कोट, झगे, टोप्या चढवणारी आत्या. आधी ती तिथे शिवणकामाला लागली होती. गिऱ्हाइकांच्या बाह्या आखूड कर, कमरेला चिमटा घे, असली कामं. एकदा शोकेस लावणारा माणूस न सांगता निघून गेला, मालकीणबाईंनी तिला काचेच्या आत ढकललं, आणि ती जी आत गेली ती तिथलीच झाली.

लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांच्या कॉलरी सरळ करते. घरी येऊन आणखी एकाची कोण करणार?" माझी आई गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो. बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आत्या, आणि मी. मी तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात काम करत होते.

पुतळ्यांना तिने नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक होता साहेब, कारण त्याची हनुवटी नेहमी वर. एक पोक काढलेली. आणि सगळ्यांत जड, जुनी, खालचा ओठ पुढे आलेली, ती रुसकी. त्या हिवाळ्यात शोकेस बदलताना आत्याने रुसकीला कमरेला धरून उचललं आणि अरुंद दारातून आत घेण्यासाठी स्वतः कमरेत वळली. त्या वेळी पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, टाका उसवावा तसं काहीतरी झालं. दुखलं नाही. तिने रुसकीला जागेवर उभी केली, टोपी जरा तिरकी केली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुतलं, चहाचं पाणी ठेवलं. पाण्याला उकळी यायच्या आत तिचं डोकं धरलं. मागच्या बाजूने, मानेच्या जरा वर. ती पुढे सांगायची की ते ठणकणं नव्हतं, ओढणं होतं. मानेच्या आतून हात घालून कोणीतरी मेंदू खाली ओढत होतं, घाई न करता. ती भिंत धरून पलंगापर्यंत गेली आणि आडवी झाली. थोड्या वेळाने ओढणारा हात सुटला. डोकं इतकं साफ झालं की तिला आपलीच लाज वाटली. उठून कामाला लागली. पुन्हा तेच.

आपलं काही दुखतंय हे सांगणं आत्याला कमीपणाचं वाटायचं. तिने चार दिवस ढकलले, आठ दिवस ढकलले. दुकानात तिने एक सोय शोधून काढली. शोकेसच्या मागे पुतळ्यांची खोली होती. वापरात नसलेले, हात तुटलेले, डोकं नसलेले सगळे तिथे उभे असत. खिडकी नव्हती, एक पिवळा दिवा होता. दुपारी गर्दी कमी झाली की आत्या त्या खोलीत जाऊन कापडाच्या गठ्ठ्यांमधे जमिनीवर आडवी पडायची. खालून बघताना ते पुतळे फार उंच दिसायचे. सगळ्यांच्या नाकपुड्या आणि हनुवट्यांच्या खालच्या बाजू. तिला कानात आता पाण्याखाली गेल्यासारखं ऐकू यायला लागलं होतं, आणि लाकडी भिंतीपलीकडचं गिऱ्हाइकांचं बोलणं त्या पुतळ्यांमधून यायचं. हात नसलेली एक बाई म्हणायची, मला जरा सैल हवाय. पलीकडे डोकं नसलेला माणूस हसायचा.

"घाबरले नाही मी," आत्या म्हणायची. "आडवं पडल्यावर दुखत नव्हतं ना. जिथे दुखत नाही तिथे माणूस कोणाबरोबरही राहतो."

पण टोप्यांच्या काउंटरवरची मुलगी एकदा आत खोकं आणायला गेली. तिला जमिनीवर एक पुतळी पडलेली दिसली. उचलायला म्हणून ती वाकली, तर पुतळीने मान वळवली आणि म्हणाली, "दिवा बंद कर, डोळ्यावर येतोय." ती मुलगी मागे सरकत बाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ तिथून हलली नाही. पुढे तिला सगळं समजावून सांगितलं, आत्याने स्वतः माफी मागितली, तरी त्या खोलीत ती परत एकटी कधी गेली नाही. बाकीच्यांच्याही बोलण्यात फरक पडला. मालकीणबाईंनी आत्याला बोलावून सांगितलं, बरं वाटेपर्यंत घरी राहा. चांगल्या मनाने सांगितलं, पण आत्याला ते हाकलल्यासारखंच लागलं.

मग डॉक्टर सुरू झाले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सर्दी साठली म्हणून गोळ्या दिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला. एका मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नव्हतं. सगळीकडे घोळ एकच व्हायचा, आणि तो आम्हाला कळत नव्हता. आत्या बाहेरच्या बाकावर बसून बसून पांढरीफटक पडायची, शब्द जड व्हायचे, उलटी यायची. मग आत बोलावणं यायचं. डॉक्टर म्हणायचे, इथे झोपा. तपासायच्या त्या टेबलावर ती झोपली की जरा वेळात तिचा चेहरा सैल व्हायचा, रंग यायचा. डॉक्टर विचारायचे, आता किती दुखतंय? आत्या खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणायची, आता नाही दुखत. डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी भिंतीकडे.

शेवटी एकाने मनाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे आरामखुर्ची होती, मागे कलणारी. आत्या तिच्यात कललेली, अगदी मजेत बोलली. मनाच्या डॉक्टरांना ती फार आवडली. त्यांनी लिहिलं की एकटेपणा आहे.

बाबांना ते पटलं, किंवा पटवून घ्यायचं होतं. आत्याला काही मोठं झालेलं असण्यापेक्षा ते सोपं होतं. ते तिला म्हणायचे, जरा बाहेर पड, चार लोकांत मिसळ. ती म्हणायची, हो दादा. आणि उठून बसायची, त्यांच्यासाठी, जेवणाच्या टेबलाशी, पहिला घास संपेपर्यंत.

घर हळूहळू तिच्या उंचीवर आलं. तिने गादी जमिनीवर टाकून घेतली. पुस्तक तोंडावर धरून वाचायची. चहा स्ट्रॉने प्यायची. हाताशी एक छोटा आरसा ठेवला होता, त्यात बघून दाराशी कोण आलं ते कळायचं. आमचे चेहरे सोडून आमच्या पावलांवरून ती आम्हाला ओळखायला लागली. बाबांचा मूड तिला त्यांच्या चपलेवरून कळायचा. शेजारच्या घरातलं भांडण, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, पाईपमधलं पाणी, सगळं ती जमिनीला कान लावून ऐकायची. लोक भेटायला यायचे तेव्हा आधी तिच्याशी बोलायचे, मग जरा वेळाने एकमेकांशीच, तिच्या वरून. मीसुद्धा तशीच बोलायला लागले होते. एकदा मी मैत्रिणीला फोनवर काहीतरी सांगत होते, माझं खासगी, आणि मधेच जमिनीवरून आवाज आला, "अगं, मी आहे इथे." मी त्याच खोलीत बसले होते आणि ती तिथे आहे हे विसरले होते.

बाबांनी जे पाहिलं ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. मी ऑफिसात होते. ते दुपारी बाहेरून आले, दार उघडलं. आमच्या घरात मधे एक लांब बोळ आहे, तिथे दिवसाही अंधार असतो. त्या बोळात जमिनीलगत काहीतरी त्यांच्याकडे येत होतं. पोटावर, कोपरांवर, हळूहळू, केस पुढे पडलेले, आवाज न करता. जवळ येईपर्यंत ती आपली बहीण आहे हे त्यांना कळलं नाही. ती मोरीतून परत येत होती. उभं राहून जायला तिला जमायचं नाही आणि शेजाऱ्यांना हाक मारायची तिची तयारी नव्हती. ती त्यांच्या पायांशी थांबली, बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, आज लवकर?" बाबांनी हो म्हटलं. वाकून तिला उचलायला हवं होतं, पण आपले गुडघेच वाकेनात, असं ते म्हणाले. तिच्यासाठी ते भिंतीला चिकटून बाजूला झाले आणि ती त्यांच्याजवळून सरपटत खोलीत गेली. त्या दिवसापासून त्यांनी एकटेपणाचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला आजही नीट सांगता येत नाहीत. उभी असलेली आत्या आणि आडवी असलेली आत्या, या दोन वेगळ्या बायका व्हायला लागल्या. आडवी होती ती आमची. चेष्टा करायची, बाबांना औषधाची आठवण करायची. उभी केली, म्हणजे अंघोळीला किंवा डॉक्टरकडे नेताना, की दुसरीच कोणी यायची. सपाट आवाज, कोरडी नजर. माझा हात तिच्या दंडावर असायचा आणि ती त्याच्याकडे हा इथे कोणी ठेवला असं बघायची. नको तिथे हसायची. एकदा मी तिचे केस विंचरत होते, तर तिने शांतपणे विचारलं, "तुझी आई कधी येणार आहे?" आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी तिला लगेच झोपवलं. जरा वेळाने डोळे उघडून म्हणाली, "काय गं, रडतेस कशाला?" आपण काय विचारलं ते तिला आठवत नव्हतं.

आणि एका सकाळी मी तिच्या दारात उभी होते. तिला उशा लावून थोडं उठवून बसवलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या शेजारी बघितलं, जिथे कोणी नव्हतं.

"तुझ्याबरोबर ती कोण आलीय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही आत्या, मी एकटीच आहे.

"नाही गं. तुझ्याच अंगावरचे कपडे आहेत तिच्या. तू बोललीस की ती पण तोंड हलवते." ती जराही घाबरलेली नव्हती. ओळख करून द्यावी म्हणून वाट बघत होती, इतकंच. "तिला आत बोलाव ना. दारात किती वेळ उभी राहणार?"

मी मागे वळून पाहिलं नाही, पण बाजूलाही सरकले नाही, कारण सरकले तर ती दुसरीही सरकेल असं मला वाटलं. मी सावकाश जाऊन आत्याच्या उशा काढल्या. ती सपाट झोपली. छताकडे बघत राहिली, डोळे मिटले, उघडले. मग म्हणाली, "गेली."

बाबा दुसऱ्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चपला घालून उभेच होते.

आम्ही तिला झोपवूनच नेलं, गाडीच्या मागच्या सीटवर, डोकं माझ्या मांडीवर. या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलमधे. तिथल्या बाकावर तिला बसवायला बाबांनी साफ नकार दिला. शिक्षकी आवाजात त्यांनी सांगितलं की माझी बहीण आडवीच राहील, तुम्हाला जागा नसेल तर ती इथे जमिनीवर राहील. लोक बघायला लागले, कोणीतरी स्ट्रेचर आणलं. तेव्हा एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, केस पिकलेल्या, चष्मा गळ्यात. आमच्याशी बोलायच्या आधी त्या आत्याच्या स्ट्रेचरजवळ गेल्या आणि वाकल्या, तोंडासमोर तोंड येईल इतक्या.

"झोपलात की काय होतं?" त्यांनी विचारलं.

"जातं," आत्या म्हणाली.

"आणि उठलात की?"

"येतं."

"किती दिवस असं चाललंय?"

आत्याने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि विचारलं की हे सगळं सुरू व्हायच्या आधी काही उचललं होतं का, कुठे धडपडला होतात का. आणि मग पहिल्यांदा आत्याने पाठीतल्या त्या उसवलेल्या टाक्याची गोष्ट सांगितली. आम्हाला कोणालाच तिने ती सांगितली नव्हती. पाठीचा आणि डोक्याचा काय संबंध, असं तिला वाटलं होतं.

मेंदू कवटीत नुसता ठेवलेला नसतो, डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं. तो पाण्यात तरंगतो. तेच पाणी खाली पाठीच्या कण्यातल्या पिशवीत उतरतं. त्या पिशवीला कुठेतरी बारीकशी फट पडली आणि पाणी गळायला लागलं, तर माणूस उभा राहिला की मेंदूचा आधार कमी होतो आणि तो खाली बसतो. खाली बसताना नसा ताणतो. कोणाच्या कानात दडे बसतात. कोणाला एकाची दोन माणसं दिसतात. क्वचित कोणाचा स्वभावच बदलल्यासारखा होतो. आडवं झालं की सगळं जागेवर.

"म्हणजे वेड नाही," बाबा म्हणाले.

"नाही. गळती आहे."

बाबा खिडकीशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पाठीत रंग सोडून फोटो काढले, तेव्हा फट सापडली, जिथे आत्याने सांगितलं होतं जवळपास तिथेच. उपाय ऐकून मला तो जुन्या गोष्टीतला वाटला. तिच्याच दंडातून रक्त काढायचं आणि तिच्याच पाठीत, त्या फटीपाशी, सुईने सोडायचं. ते तिथे गोठतं आणि भोक बुजतं. आत्याने विचारलं, "माझंच ठिगळ मलाच?" डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, याला आम्ही ठिगळच म्हणतो.

पहिलं ठिगळ टिकलं नाही. थोडे दिवस ती उभी राहिली, घरभर फिरली, प्रत्येक खिडकीतून बाहेर बघून आली. मग एका जोरदार शिंकेबरोबर सगळं दुखणं परत आलं. त्या वेळी मात्र ती खचली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवली नाही. मी सांगितलं की पुन्हा करू म्हणालेत, तर म्हणाली, आता मला इथेच बरं वाटायला लागलंय, तुम्ही लोक फार उंचावर राहता. तिला आणि मला, दोघींनाही त्या वाक्याची भीती वाटली.

दुसरं ठिगळ नेमकं फटीवर बसलं. पण त्यानंतरची रात्र सरल्यावर डोकं पुन्हा दुखायला लागलं, आणि या वेळी उलटं. पुढून, कपाळातून, आतून कोणीतरी दाबत होतं. उभं राहिलं की कमी, आडवं झालं की असह्य. इतके महिने ज्या जमिनीने तिला सांभाळलं ती आता तिला घेईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे चांगलं लक्षण आहे, पाणी साठतंय, शरीराला अजून त्याची सवय नाही. औषध दिलं. आत्या खुर्चीत ताठ बसून झोपायची. मी सकाळी खोलीत गेले की ती तशीच, हात मांडीवर, डोळे उघडे. मला प्रत्येक वेळी एक क्षण थांबावं लागायचं, ती आधी बोलेपर्यंत.

हळूहळू तेही ओसरलं. तिला ओझं उचलायला, वाकायला, कमरेत वळायला बंदी झाली. दुकानात ती परतली ती खुर्चीवर बसून सांगण्यापुरती. उचलायला दुसरे आले. बाबांनी बोळात दिवा लावून घेतला, तो दिवसाही चालू असतो आणि त्याबद्दल आमच्यात कोणी बोलत नाही. आत्याला आडवं पडायचं झालं तर ती अजूनही आधी मला हाक मारते. म्हणते, काही नाही, पाठ टेकतेय नुसती. मी हो म्हणते आणि जवळपास राहते.

मागच्या पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्याकडे एक गाणं शिकवणारे मास्तर भरती होते, तरुणच होते, बायको बिचारी हात टेकून बसलेली. ठिगळ लावायला ते तयार नव्हते. आपल्याला काय होतंय ते कोणाला सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही येऊन बोलाल का, डॉक्टरीणबाईंनी आत्याला विचारलं.

मीही बरोबर गेले. मास्तर सपाट पडलेले, नजर छतावर. आत्या आधी खुर्चीवर बसली. मग उठली, शेजारचा पलंग रिकामा होता त्यावर सावकाश आडवी झाली आणि मान त्यांच्याकडे वळवली. नर्स काही बोलणार होती, डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं.

मग मास्तर हळूच म्हणाले, "मी उभा राहून गायला लागलो की आवाज माझ्या मागून येतो. मागे कोणीतरी माझ्या आधी गातं. बायकोला सांगितलं तर ती रडते."

"तुमच्यापेक्षा चांगलं गातं का?" आत्याने विचारलं.

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. विचार केला. "नाही," ते म्हणाले. "जरा बेसूर आहे."

"मग त्याला घरी पाठवा," आत्या म्हणाली. "सुई दुखते, पण फार नाही. मी इथे पडून असते तोवर."

मास्तरांनी बायकोकडे बघून मान हलवली. नर्स सामान आणायला गेली. आत्या तिथेच पडून राहिली, हात पोटावर, आणि मी दोन्ही पलंगांच्या मधे उभी होते.